अनोळखी माणसाच्या मयताला

"तिकडे माणूस मेला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो." दर भारतवारीत हे एकदा तरी कानावर पडतंच. सांगणारे बहुतेक लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून परतलेले असतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि अर्धं खरंही आहे. इथे अमेरिकेत मयताची तारीख-वेळ ठरते, माणसं काळे कपडे घालून येतात, वहीत सही करतात, कॉफी पितात आणि आपापल्या गाडीत बसून निघून जातात. उरलेलं अर्धं, म्हणजे अनोळखी माजी सैनिकांच्या मयताला आवर्जून उभी राहणारी माणसं, मात्र आपल्या लोकांना फारसं माहीत नाही. आज त्याबद्दल लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी मिनेसोटात राहते. मिनिअ‍ॅपोलिसच्या विमानतळाला लागून फोर्ट स्नेलिंगची राष्ट्रीय दफनभूमी आहे, १९३९ सालची. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा, आणि डोक्यावरून सतत उठणारी विमानं. सैन्यात नोकरी करून नीट बाहेर पडलेल्या माणसाला इथे जागा मिळते, बरोबर त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही. जमीन, खोदाई, दगड, पुढची कायमची देखभाल, सगळा खर्च सरकारचा.

आमच्या शेजारचे आजोबा व्हिएतनाम युद्धाला जाऊन आलेले. आठवड्यातला एक दिवस ते सकाळीच कडक इस्त्रीचा गणवेश चढवून तिथे जातात आणि दिवसभर अनोळखी माणसांच्या अंत्यविधीला उभे राहतात. पगार नाही. सोमवार ते शुक्रवार, रोज वेगळी तुकडी. ही प्रथा १९७९ सालची. आपल्या सोबत्यांना मातीत ठेवताना ना बंदुकीची फैर, ना बिगुल, हे काही माजी सैनिकांना खटकलं. निवेदनं देत बसण्याऐवजी त्यांनी स्वतःच तुकडी उभारली. राष्ट्रीय दफनभूमीतली संपूर्ण स्वयंसेवकांची ही देशातली पहिली तुकडी मानतात. आजवर केलेल्या अंत्यविधींचा ५० हजारांचा आकडा त्यांनी केव्हाच ओलांडला आहे.

एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या वेळी मी हे पहिल्यांदा पाहिलं. तारीख जानेवारीतली. मिनेसोटातला जानेवारी म्हणजे काय हे इथल्या मंडळींना सांगायला नको, बाकीच्यांनी उणे वीस धरून चालावं. सत्तरी ओलांडलेली माणसं एका ओळीत उभी. हुकूम झाला, तीन फैरी झडल्या. (याला बरेच जण एकवीस तोफांची सलामी म्हणतात. ती वेगळी. ही तीन फैरींची मानवंदना, बंदुका साधारण सात, म्हणून बेरीज एकवीस होते आणि घोटाळा होतो.) मग बिगुल. मग शवपेटीवरचा झेंडा उचलून त्याच्या घड्या घालायच्या. तेरा घड्यांनंतर निळा त्रिकोण उरतो, वर फक्त चांदण्या दिसतात. एकाने तो गुडघ्यावर बसून सहकाऱ्याच्या आईच्या हातात दिला आणि राष्ट्राध्यक्षांच्या, सैन्याच्या आणि कृतज्ञ देशाच्या वतीने दोन वाक्यं बोलला. झाडलेल्या काडतुसांच्या काही रिकाम्या पुंगळ्या घरच्यांना दिल्या. सगळं मिळून वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत कुणीही रडलं नाही आणि कुणीही भाषण केलं नाही. मला भाषण न होण्याचं जास्त अप्रूप वाटलं.

पुढे आजोबांकडून बारकावे कळले. अशा तुकड्यांना सैन्याकडून जुन्या बंदुका उसन्या मिळतात. बहुतेकांकडे दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरँड असते, वजन चार किलोंच्या वर. खोट्या काडतुसावर ती आपोआप पुढचं काडतूस भरत नाही, प्रत्येक फैरीनंतर हाताने बोल्ट मागे ओढावा लागतो. थंडीत, हातमोजे घालून, सांधे धरलेल्या बोटांनी आणि सगळ्यांनी एकाच वेळी. एकाचा बार मागे राहिला की सगळी फैर फुटक्या फटाक्याच्या माळेसारखी वाजते आणि समोर बसलेल्या घरच्यांना ते कायम लक्षात राहतं. म्हणून तालीम. नुसता कळवळा असून भागत नाही, हात बसावा लागतो. समाजसेवेबद्दल आपण बोलतो तेव्हा ही बाजू फार कमी बोलली जाते, असं माझं मत आहे.

कुणी विचारेल, हे काम सरकारचं नाही का? आहे. १ जानेवारी २००० पासून तसा कायदाच आहे. घरच्यांनी मागितलं की किमान दोन गणवेशधारी पाठवायचे, त्यातला एक मृताच्या स्वतःच्या दलातला, झेंडा घडी करून द्यायचा आणि टॅप्स ही बिगुलाची धून वाजवायची. पण त्या काळात दुसऱ्या महायुद्धातले सैनिक रोज हजारावर जात होते. इतके बिगुलवाले आणायचे कुठून? म्हणून ध्वनिमुद्रित धून चालेल अशी सवलत ठेवली. २००३ मध्ये त्यावरही कडी झाली. बिगुलाच्या पोटात बसणारं एक छोटं यंत्र आलं. बटण दाबायचं, बिगुल ओठांना लावायचा आणि गाल न फुगवता उभं राहायचं. धून आतून वाजते.

सोय म्हणून मला ते समजतं. पण पटत नाही. टॅप्समध्ये सूर अवघे चोवीस. १८६२ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, जनरल बटरफील्डच्या छावणीत ती धून आजच्या रूपात आली. वाजायला जेमतेम मिनिट लागतं. तेवढ्यासाठीही जिवंत श्वास मिळू नये? ध्वनिमुद्रित धून खटकली म्हणून टॉम डे नावाच्या, मरीन दलातल्या माजी सैनिकाने २००० सालीच 'बगल्स अ‍ॅक्रॉस अमेरिका' सुरू केलं. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत जो नीट वाजवू शकेल त्याने जवळपासच्या अंत्यविधीला जाऊन वाजवायचं, पैसे न घेता. यंत्राचा सूर कधी चुकत नाही हे खरं. पण १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या अंत्यविधीला, वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत, सार्जंट कीथ क्लार्कचा सहावा सूर साऱ्या जगासमोर फाटला होता. तो थंडीत ताटकळत उभा होता, शेजारीच बंदुकांचे बार झाले होते. आज साठ वर्षांनंतरही लोक तो सूर आठवतात, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

आर्लिंग्टनचा विषय निघालाच आहे तर तिथल्या बायकांबद्दल. १९४८ साली हवाईदलप्रमुख व्हँडेनबर्ग आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांच्या लक्षात आलं की काही पोरांना पुरताना पाद्री आणि सैनिक सोडून कुणीच हजर नसतं. ग्लॅडिसबाईंनी अधिकाऱ्यांच्या बायकांना गोळा केलं. पुढे भूदल, नौदल, तटरक्षक दल यांच्याही बायका आल्या. 'आर्लिंग्टन लेडीज' या नावाने ते काम आजही चालू आहे. या दलांच्या प्रत्येक अंत्यविधीला एक जण. घरच्यांना हाताने लिहिलेलं पत्र द्यायचं, दोन शब्द बोलायचे. घरचे नसतील तरी तितक्याच अदबीने उभं राहायचं. या परंपरेबद्दल वाचताना मला आमच्या आळीतल्या त्या काकू आठवल्या, ज्या कुणाच्याही घरी मयत झालं की न सांगता पहिल्या पोचायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या.

मोटारसायकलवाल्यांची गोष्ट जरा वेगळी, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी. कॅन्ससमधल्या टोपेका गावी वेस्टबोरो नावाचं एक छोटं चर्च आहे. इराक युद्धाच्या काळात ही मंडळी सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर फलक घेऊन उभी राहायची. सैनिक मेला ते बरं झालं, देशाने समलिंगी लोकांना आसरा दिला म्हणून देवाने ही शिक्षा केली, असा मजकूर. पोराला पुरायला निघालेल्या आईबापांसमोर! २००५ मध्ये कॅन्ससमधलेच काही मोटारसायकलवाले माजी सैनिक पुढे आले आणि त्यातून 'पॅट्रियट गार्ड रायडर्स' उभे राहिले. घरच्यांनी बोलावलं तरच जायचं, हा पहिला नियम. मोठाले झेंडे घेऊन फलकांच्या आणि घरच्यांच्या मध्ये ओळ धरायची. घोषणा ऐकू येऊ नयेत म्हणून गरज पडली तर इंजिनं गुरगुरवायची. हात उचलायचा नाही, उलट शिवीही द्यायची नाही.

एका मरीनच्या वडिलांनी चर्चवर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०११ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल चर्चच्या बाजूने लागला. घृणास्पद असलं तरी सार्वजनिक प्रश्नावरचं बोलणं आहे, त्याला संरक्षण आहे. बापाची बाजू घेऊन मला तेव्हा फार राग आला होता. आजही येतो. पण भावना दुखावल्या म्हणून खुर्च्या फेकण्याची आपल्याकडची रीत पाहिली की वाटतं, कायद्याला जे अडवता येत नाही ते झेंडा धरून उभं राहिलेल्या दोन-तीनशे माणसांनी अडवलं, हेही काही कमी नाही.

आणि अस्थींचं काम. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडतात, मग गंगा नाहीतर गावची नदी. इथे दहन झाल्यावर रक्षेचा डबा कुणी न्यायलाच आलं नाही, तर तो अंत्यविधीगृहाच्या कपाटात राहतो. वर्षानुवर्षं. कधी कधी मालक बदलतात, पिढी बदलते, डबा तिथेच. 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट'चे स्वयंसेवक २००७ पासून असे डबे शोधतात, त्यावरची नावं सरकारी नोंदींशी ताडून पाहतात आणि सैनिक सापडला की मानवंदनेसह त्याला दफनभूमीत नेऊन ठेवतात. निम्मं काम कारकुनी आहे. चिकाटीने कागद चाळणं. त्याचे फोटो कुणी टाकत नाही.

फोटो वेगळ्या प्रसंगांचे निघतात. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधल्या किलीनला व्हिएतनामच्या काळात हवाईदलात असलेल्या एका माणसाचे कुणीच नातेवाईक सापडत नव्हते. समाजमाध्यमांवर आवाहन झालं आणि हजारावर माणसं लोटली, रस्ता तुंबला. छानच. पण खरं सांगू? मला त्या गर्दीपेक्षा कुठल्याशा मंगळवारी अकरा वाजता उणे वीसमध्ये उभे असलेले सात म्हातारे जास्त मोठे वाटतात. त्यांना पुन्हा साडेअकराला दुसऱ्या कुणासाठी उभं राहायचं असतं.

आता टीका. ती मीही करते. या देशात जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या मोजणीत सुमारे ३३ हजार माजी सैनिक बेघर होते. मेल्यावर झेंडा आणि जिवंतपणी पुलाखाली झोप, हा ढोंगीपणा नाही का? सरकारबद्दल विचाराल तर हो, आहे. पण हा प्रश्न त्या सात म्हाताऱ्यांच्या तोंडावर फेकणाऱ्यांशी माझं पटत नाही. आजोबा आठवड्यातला दुसरा एक दिवस व्हॅन चालवतात, गाडी नसलेल्या माजी सैनिकांना रुग्णालयात नेऊन आणतात. 'डीएव्ही' या अपंग माजी सैनिकांच्या संघटनेची देशभर अशी सेवा आहे, चालक सगळे स्वयंसेवक. मेलेल्यांसाठी उभे राहणारे आणि जिवंतांसाठी खपणारे लोक बहुतेक वेळा एकच असतात. फेसबुकवर प्रश्न विचारणारे वेगळे असतात.

दुसरी टीका युद्धाबद्दलची. व्हिएतनाम चूक होती, इराक चूक होती, मग सलामी कसली? मी स्वतः दोन्ही युद्धांच्या विरुद्ध मताची आहे. पण त्या दगडांखाली झोपलेल्यांत आचारी आहेत, ट्रकचालक आहेत, टंकलेखक आहेत, अठराव्या वर्षी सक्तीने भरती झालेली पोरं आहेत. निर्णय त्यांनी घेतले नव्हते. आणि तुकडी कुणाचीच चौकशी करत नाही. माणूस चांगला होता का, दारू प्यायचा का, बायकोने का सोडला, यातलं काहीच कुणी विचारत नाही. नोकरीचा कागद असला की पुरे.

अर्थात मान कुणाला मिळतो यालाही इतिहास असतो. याच फोर्ट स्नेलिंगच्या किल्ल्याखाली, नदीकाठी, १८६२-६३ च्या हिवाळ्यात डाकोटा या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या सुमारे १६०० माणसांना सरकारने कोंडून ठेवलं होतं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. कित्येक तिथेच गेली. त्यांच्यासाठी कुणी बिगुल वाजवला नाही. दफनभूमीत गेले की मला तेही आठवतं.

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सातारा जिल्ह्यातल्या गावी वारले. कर्तव्यावर असताना जवान गेला की आपल्याकडे अख्खा तालुका लोटतो, "अमर रहे"च्या घोषणा, मंत्र्यांच्या गाड्या. पण पेन्शनीत गेलेल्या हवालदाराला काय? मामांना न्यायच्या वेळी आजूबाजूच्या गावांतले पाच-सहा माजी सैनिक टोप्या आणि पदकं लावून आले. एका उत्साही पोराने तिरंगा आणला होता. त्यातल्या सुभेदारांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं की सरकारी किंवा सैनिकी इतमाम असल्याशिवाय तिरंगा मयतावर घालता येत नाही, कायदा आहे. मग त्यांनी पुष्पचक्र ठेवलं, रांगेत उभं राहून कडक सलाम केला आणि सगळ्यांच्या आधी तिरडीला खांदा दिला. मामी ते अजून सांगते.

म्हणून एक विचारायचंय. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बुलढाणा, कुठलेही असा, तुमच्या तालुक्यातल्या माजी सैनिक संघटना वयाने गेलेल्या फौजीसाठी नेमकं काय करतात? कोण कळवतं, कोण येतं, बिगुल वाजवणारा मिळतो का, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कुणी येतं का? ज्यांनी पाहिलंय त्यांनी कमेंटमध्ये सविस्तर लिहा. आजोबांनी हाच प्रश्न मला विचारला होता, आणि मामांच्या त्या पाच-सहा जणांपलीकडे मला काही सांगता आलं नाही.