बुधवारची प्रार्थना आणि निळी वही

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात मंडळीतील एका तरुणाने मला विचारले, "अंकल, संदेश मोबाइलवर ऐकता येतो, प्रार्थना घरीही करता येते, मग बुधवारी संध्याकाळी प्रार्थना सभेला एवढ्या लांब यायचे कशासाठी?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तो आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला आहे आणि शिफ्ट संपवून वडगावला पोहोचेपर्यंत त्याच्यात उभे राहण्याचेही त्राण उरत नाही. मी त्याला तेथल्या तेथे जे उत्तर दिले ते माझे मलाच तोकडे वाटले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी त्याची बाजू. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे, असे प्रभू येशूनेच शिकवले आहे. शिवाय आमच्या प्रार्थना सभांचे दोष बाहेरच्या माणसापेक्षा मला अधिक ठाऊक आहेत. मंडळीतील एखादे वडीलधारे डोळे मिटून उभे राहिले की बायबलच्या उत्पत्तीपासून आरंभ करतात आणि प्रकटीकरणापर्यंत पोहोचेतो स्वयंपाकघरातला चहा दोनदा उकळून होतो. कोणी प्रार्थनेतूनच शेजारची बातमी पुरवते: "प्रभो, त्यांच्या सुनेचे तर तुला माहीतच आहे." प्रभूला आधीपासून माहीत असते, गल्लीला त्या क्षणी कळते. अशाच एका प्रार्थनेत माझ्या घरचा विषय निघाला तेव्हा मी मनातून दुखावलो आणि सात महिने बुधवारी फिरकलो नाही.

तरीही दार लावून घ्यायला सांगणाऱ्या त्याच अध्यायात, अवघ्या काही ओळींनंतर, प्रभूने जी प्रार्थना शिकवली तिची सुरुवात "आमच्या" या शब्दाने होते. बंद खोलीत एकट्याने गुडघे टेकणाऱ्यालाही "माझी भाकर" मागण्याची सोय तिच्यात ठेवलेली नाही. एकट्याच्या प्रार्थनेत मी बहुधा माझ्याच घराभोवती फिरतो: मुलाची नोकरी, पत्नीची शुगर, बँकेचा हप्ता. चौघांत बसलो की मला ज्याची काहीही निकड नाही असे काहीतरी देवाकडे मागावे लागते, मग ते खानापूरच्या कोणाच्या शेतातील बोअरला पाणी लागणे असो की निपाणीच्या वखारीत काम करणाऱ्या बाईचा थकलेला पगार असो.

जमणाऱ्यांचा विश्वास फार मोठा असावा लागतो, असेही नाही. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय पाहावा. हेरोद राजाने प्रभूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकले आहे आणि योहान मार्काची आई मरिया हिच्या घरी पुष्कळ जण प्रार्थना करीत आहेत. सुटलेला पेत्र येऊन दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरून आत धावते, आणि ज्यांनी ही प्रार्थना चालवली होती तेच तिला वेडी ठरवतात. हा प्रसंग वाचताना मला नेहमी आमचाच बुधवार आठवतो.

आपल्या मराठी मातीतले उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी जानेवारी 1905 मध्ये तेथील आपल्या मुक्ती मिशन या आश्रमातील मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्याचे आवाहन केले तेव्हा सुमारे 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या 550 झाली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनअखेरीस तेथे जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सुरू झाले त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु मला ओढ वाटते ती त्याआधीच्या पाच महिन्यांची, जेव्हा दाखवण्यासारखे काहीच नव्हते आणि तरीही मुली येत राहिल्या.

आमच्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये आले, आणि 1904 मध्ये ते काम मेथडिस्ट मिशनकडे गेले. या गावातील मंडळीला एक भाषा कधी पुरलेली नाही. एका वर्षी आमची बुधवारची सभा नेमकी 1 नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी आली. उद्या एकाच शहरात कन्नड लोकांचा राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, आणि महाराष्ट्रात जाऊ इच्छिणाऱ्या मराठी लोकांचा काळा दिवस असणार होता, आणि खोलीत दोन्हीकडचे लोक होते. गोकाकचे एक अण्णा उठले आणि कन्नडमध्ये त्यांनी एवढेच मागितले की उद्या दोन्हीकडच्या मुलांनी डोकी शाबूत घेऊन घरी परतावे. त्यावर सर्वांत मोठे "आमेन" आमच्या एका कट्टर सीमावासीय काकांचे होते. शेवटी नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना झाली. "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एकाच वेळी सुरू होतात, एकाच वेळी संपत मात्र नाहीत. ज्यांचे आधी संपते ते दुसऱ्यांसाठी थांबतात आणि "आमेन" बरोबर म्हणतात. हे थांबणे मोबाइलवर शिकता येत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक आमच्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने मंजूर केले, त्या दिवसांत घरी जमण्याआधी लोक दोनदा विचार करीत. ज्यांच्या घरी सभा भरते त्या आक्कांनी तेव्हा बाहेरचे दार मुद्दाम सताड उघडे ठेवले. शेजारच्या लिंगायत आज्जी पायरीवर येऊन बसल्या, चहा घेतला आणि गीत फार संथ म्हणता, अशी तक्रारही केली.

या आक्कांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. विनंत्या त्या कन्नडमध्ये लिहितात, पूर्ण झालेल्या विनंतीपुढे लाल पेनने खूण करतात आणि राहिलेल्या पुढच्या बुधवारच्या पानावर पुन्हा उतरवून काढतात. सात महिन्यांनी मी परत गेलो तेव्हा सहज ती चाळली. कन्नड मला अक्षर लावत लावतच वाचता येते. प्रत्येक पानावर माझे नाव होते आणि त्यापुढे "गुडघा" असे लिहिलेले होते. येणे बंद करताना मी कोणाला तरी गुडघेदुखीचे कारण सांगितले होते. ते खोटे होते.

आक्कांनी विचारले, "गुडघा आराम हाय का भाऊ?" मी होय म्हणालो. त्यांनी लाल पेन काढून खूण केली आणि "देवरिगे स्तोत्र", म्हणजे देवाची स्तुती असो, म्हणत वही मिटली. त्यांच्याजवळ साधा फोन आहे, त्यामुळे ही पोस्ट त्यांच्या वाचनात येणार नाही. येत्या बुधवारी ते मलाच सांगावे लागेल, आणि त्या तरुणाला मी सोबत येण्यास सांगितले आहे.