कीबोर्डवरून हात काढा

आमच्या ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या ऑफिसात महिन्यातून एका रविवारी आम्ही तीन-चार जण बसतो आणि ज्यांना आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय त्यांना मदत करतो. पैसे घेत नाही. चहा मात्र लॅपटॉप आणणाऱ्याने आणायचा. तिथे भिंतीवर मी एक कागद चिकटवलाय : "मदत करणाऱ्याने समोरच्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही."

गेल्या वेळी या कागदावरून आमच्यातल्याच एका मुलाशी वाजलं. तो म्हणाला, "ताई, मी वीस मिनिटांत करून देतो, तुमच्या नियमाने दोन तास जातात. लोकांना चालू लॅपटॉप हवाय, शिकवणी नकोय." पोरगा हुशार आहे आणि त्याचं अगदीच चुकतंय असंही नाही. बाहेर माणसं ताटकळत होती म्हणून तेव्हा गप्प बसले. आता सविस्तर लिहिते. त्याला टॅग करत नाही, वाचेलच तो.

मुळात इतके लोक अचानक का यायला लागले? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत घेता येते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१६ साली मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी हप्त्यावर घेतलेला, अजून एकही बटण न निखळलेला लॅपटॉप यादीतून बाद. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं : एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम चार जीबीची आठ केली, की हीच यंत्रं लिनक्सवर मजेत चालतात. हे मी रोज बघते, महापेला माझं पोटापाण्याचं कामच सर्व्हर सांभाळायचं आहे.

तर तो नियम. तो पुस्तकात वाचून आलेला नाही, माझ्या फजितीतून आलाय.

दुसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त. मी त्यांच्याकडे गेले, पेनड्राइव्ह लावला आणि पाऊण तासात सगळं उरकलं. पासवर्ड मीच ठरवला आणि कागदावर लिहून दिला. बुकमार्क आणले, प्रिंटर जोडला, डेस्कटॉपवर सह्याद्रीचा फोटोही लावला. काकू म्हणाल्या, "किती पटापट करतेस गं!" मी अंगभर फुलून घरी आले. दहा-बारा दिवसांनी काका लिफ्टमध्ये भेटले तर नजर चुकवत होते. एका दुकानातून आठशे रुपये देऊन त्यांनी पुन्हा विंडोज टाकून आणलं होतं, तेही चोरटं. झालं होतं एवढंच की अपडेटसाठी खिडकी आली, तिने पासवर्ड मागितला, आणि माझा तो कागद रद्दीत गेला होता.

"मग मला फोन का नाही केलात?"

"तुला किती वेळा त्रास द्यायचा?"

लॅपटॉप त्यांचा, पण आतली प्रत्येक गोष्ट मी ठरवलेली. भाड्याच्या घरात खिळा ठोकायला माणूस बिचकतो ना, तसं झालं होतं त्यांचं.

आणि मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण मी स्वतः अशीच अडकले होते. २०११ साली मी पहिल्यांदा डेबियन टाकलं, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. सहावी आवृत्ती, नाव 'स्क्वीझ'. त्यांच्या आवृत्त्यांना एका कार्टूनपटातल्या खेळण्यांची नावं असतात, हे कळेपर्यंत मला ते लिंबाच्या सरबताचं वाटत होतं. नेमकं त्या आवृत्तीपासून त्यांनी कर्नलमधून (सिस्टिमच्या गाभ्यातून) बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणाऱ्या पण कोड खुला नसलेल्या फायली, काढून टाकलं होतं. तत्त्व म्हणून छान, पण माझं वायफाय चालेना. वायफाय चालायला फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं. शेवटी हॉलमधल्या राऊटरपासून बेडरूमपर्यंत लॅनची वायर ओढली, सासूबाई दोन दिवस ती ओलांडून ये-जा करत होत्या. मग कुठेतरी वाचून सुडो (मुख्य मालकाच्या अधिकाराने काम करायचा शब्द) लावून कमांड दिली, तर उत्तर आलं की तुमचं नाव यादीत नाही आणि या प्रकाराची नोंद कळवली जाईल. कोणाला कळवणार? घरात मी एकटी लॅपटॉपवाली. तरी छातीत धस्स झालं, खोटं कशाला बोलू.

सुटका केली ऑफिसातल्या एका सीनियरने, ठाणे-वाशी लोकलमध्ये. ऐरोलीला चढायचा तो. त्याने माझा लॅपटॉप मागितलाच नाही. म्हणाला, "इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य मालकाच्या खात्याचा, वेगळा पासवर्ड दिला होतास का? मग डेबियन तुला सुडो देत नाही. ती जागा रिकामी सोडली असतीस तर दिलं असतं." आणि डब्याच्या पिशवीतून पेन काढून माझ्या वहीत दोन ओळी लिहून दिल्या. घरी जाऊन त्या मी माझ्या हाताने टाईप केल्या. ती वही अजून आहे.

मधल्या काळात डेबियननेही आपला हेका सोडला. २०२२ मध्ये तिथल्या डेव्हलपर मंडळींनी रीतसर मतदान केलं आणि ठरवलं की हार्डवेअरला लागणारं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते मिळतं. तरीही एखाद्या लॅपटॉपचं वायफाय रुसलंच, तर फोन चार्जिंगच्या वायरने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं), काम होतं. मला २०११ ला हे सुचलं असतं तर सासूबाईंचे पाय वाचले असते.

मतदान म्हटल्यावर हमखास प्रश्न येतो : "पण याचा मालक कोण?" कोणी नाही. १९९३ मध्ये इयन मरडॉकने डेबियन सुरू केलं, पुढे १९९७ पासून त्यांचा सामाजिक करारनामा आहे, १९९८ पासून घटना आहे, आणि प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी निवडून येतो. हे ठाणेकरांना समजावणं फार सोपं जातं, कारण हुबेहूब हौसिंग सोसायटी. उपविधी आहेत, जनरल बॉडी आहे, लांबलचक वाद आहेत, आणि कामं करणारे नेहमीचेच मोजके. २०१९ साली तर प्रमुखपदासाठी पहिल्या मुदतीत एकही अर्ज आला नाही, मुदत वाढवावी लागली. हे सांगितल्यावर आमचे सेक्रेटरी खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे जगभर हेच आहे तर!"

आता नियम पाळल्यावर काय होतं ते सांगते. तुम्ही कीबोर्डला हात लावला नाही की समोरच्याला बोलून दाखवावं लागतं, आणि बोलताना त्याच्या मनातलं बाहेर पडतं. इन्स्टॉलरमध्ये 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय येतो, तिथे मी सगळ्यांना थांबवते आणि पडद्यावर जे लिहिलंय ते मोठ्याने वाचायला लावते. मागे एक मावशी आल्या होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हो, पुसू दे. माझे फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत, ते राहतीलच."

राहत नाहीत हो! सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात बहुतेक वेळा. आपल्याकडे वर्षानुवर्षं दुकानदारांनी सांगितलंय की महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, फॉरमॅट केलं तरी जात नाही. विंडोजपुरतं ते बरोबर होतं. इथे अख्खी डिस्क जाते. लेकीच्या लग्नाचे फोटो होते त्यांचे, दुसरी प्रत कुठेच नाही. आमच्या वीस मिनिटवाल्याच्या हातात माऊस असता तर मावशींना ते वाक्य बोलायला सवडच मिळाली नसती. त्या दिवशी आम्ही फक्त बॅकअप घेतला आणि त्यांना पुढच्या महिन्यात बोलावलं.

आणखी एक प्रसंग. निवृत्त मराठीचे शिक्षक. डिस्क पुसण्याआधी आम्ही सगळ्यांना पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायला देतो. जरा संथ चालतं, पण वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी, सगळं तपासता येतं. सरांनी लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) दोन ओळी टाईप केल्या, चष्मा वर केला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हा ल कोणाचा?" मला कळेना. "हा हिंदीतला ल आहे. आणि श बघा. आपला ल पाकळीचा, श देठाचा." खरंच की. इतकी वर्षं लिनक्स वापरतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, सर, टूल्समध्ये जा, ऑप्शन्स, तिथे भाषेचा विभाग. तिथे मजकुराची भाषा हिंदी होती, त्यांनी ती शोधून मराठी केली. नोटोसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकूर मराठी आहे असं सांगितलं की तो मराठी वळण काढतो. नव्या ओळीत 'शाळेतला फळा' असं लिहिलं आणि ल पाकळी घेऊन उमटला. सरांनी ते सत्तर वर्षांच्या बोटांनी स्वतः केलं. मग शेजारी बसलेल्या तिघांना दाखवलं, आणि मला न विचारता पुढच्या वेळी फाँटचा विभाग आपण सांभाळणार असं जाहीर केलं.

आता आमच्याच मंडळींबद्दल दोन कडू शब्द. नवा माणूस दारात आला की आमच्यात पहिली चर्चा होते ती कुठली डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) चांगली याची. तो बिचारा लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन ऐकत असतो. अरे, मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर उभी, उबुंटू डेबियनवर, एकाच वाड्यातली भांडणं ही! मी सरळ मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती देते, ज्याला थोडी खटपट आवडते त्याला डेबियन. संपला विषय. त्याआधी विचारायचं असतं ते हे की तुम्ही कॉम्प्युटरवर दिवसभर काय करता?

कारण या उत्तरावर कधीकधी "नका टाकू" असं सांगावं लागतं, आणि ते सांगायला आमच्यातल्या निम्म्यांची जीभ रेटत नाही. कोर्टनाक्याजवळ टायपिंगची कामं करणाऱ्या एक ताई आल्या. मराठी टाईप करता येईल का? येईल. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअरं घातली की इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, सगळे कीबोर्ड मिळतात, त्यांचा हात रेमिंग्टनवर बसलेला, लगेच जमलंही. पण त्यांच्या पंधरा वर्षांच्या फायली युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या, फाँटमध्ये. तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि त्यांचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं. वकील दारात उभा असताना त्यांनी फायली बदलत बसायचं का? त्यांना मी सांगितलं, कामाच्या मशीनला हात लावू नका, मुलीच्या लॅपटॉपवर टाका. टॅलीवर ज्यांचं दुकान चालतं त्यांनाही हेच सांगते. आमचा एक मित्र यावर चिडला, म्हणे तू प्रचार करतेस की अपप्रचार. मी काय, शाखा चालवते का?

आणि एक शब्द आम्ही ऑफिसात बंद केलाय. "सोप्पंय." टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाईप करताना डेबियनवर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. नव्या माणसाला वाटतं कीबोर्ड बिघडला. तो तीनदा टाईप करतो, तीनदा चुकतो, आणि शेजारून आवाज येतो, "अहो, सोप्पंय!" सोपं असूनही मला जमत नाही म्हणजे मीच ढ, असं मनाशी धरून माणूस घरी जातो आणि परत येत नाही. त्यापेक्षा आधीच सांगा : दिसणार नाही, तरी टाईप होतंय, डोळे मिटून केल्यासारखं करा आणि एंटर दाबा.

दोन तास लागतात, हे मान्य. एका रविवारी सहाच्या वर मशीन होत नाहीत, हेही मान्य. पण गेल्या सात-आठ महिन्यांत ज्यांनी आपल्या हाताने केलं, त्यांच्यापैकी परत दुकानात गेलेला मला तरी कोणी माहीत नाही. फोन येतात, भरपूर येतात, रात्री साडेदहालाही येतात. "अगं, आज अपडेट आलं, मी केलं, फक्त सांगायला फोन केला." हा फोन दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. हो, ते परत आले. या वेळी पासवर्ड त्यांनी ठेवलाय, मला माहीत नाही.

पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला. ऑफिसची किल्ली वॉचमनकडे आहे. आपला डेटा आधी दुसरीकडे कॉपी करून आणा, डी ड्राइव्हमधलासुद्धा. आणि कृपा करून चार्जर आणा. गेल्या वेळी पाच लॅपटॉप होते आणि चार्जर दोन.