ड्युरा मातेरमधली 'आई' कुणाची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, एवढं सविस्तर लिहिलंत, थँक्स. मी लिहिलं होतं की ड्युरा मातेर (मेंदूवरचं सगळ्यात बाहेरचं, जाड आवरण) या नावातली 'आई' अरबीतून आली. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ड्युरा मातेर हे सरळसरळ लॅटिन, ड्युरा म्हणजे कठीण, मातेर म्हणजे आई, तेही आपल्या मातृवरून आलेलं, मग मी मधेच अरबांना कशाला घुसडतोय.

शब्द लॅटिनच आहेत हो, त्यावर वाद कुठंय. पण मेंदूवरच्या जाड पापुद्र्याला कुणी आई का म्हणावं? रोमन लोक तर म्हणत नव्हते. पहिल्या शतकातला सेल्सस अस्सल लॅटिनमधे लिहितो, तो याला नुसतं मेंब्राना म्हणतो आणि वर सांगतो की ग्रीक लोक याला मेनिंक्स म्हणतात (मेनिंजायटिसमधलं तेच). ग्रीक वैद्य गॅलनकडेही जाड मेनिंक्स आणि पातळ मेनिंक्स, आईचा पत्ता नाही.

ती येते ग्रीक वैद्यक अरबीत गेल्यावर. अरबीत दोन वस्तूंचा संबंध सांगायला आई, बाप, मुलगा अशी नाती सर्रास लावतात, तशी ही 'उम्म अद्-दिमाग', मेंदूची आई. १०व्या शतकातल्या अल-मजूसी या वैद्याचा अरबी ग्रंथ अँटिऑकच्या स्टीफननं ११२७ च्या सुमारास लॅटिनमधे आणला आणि शब्दाला शब्द ठेवत आईही उचलून आणली. आतल्या पापुद्र्याची तर अजून मजा, अरबी 'रकीका' म्हणजे पातळ, लॅटिनमधे त्याला टेनुइस असा चांगला शब्द हाताशी होता, पण रूढ झालं काय तर पिया, म्हणजे भाविक, मायाळू! मधलं जाळीदार आवरण १७व्या शतकात वेगळं ओळखलं गेलं, तेव्हा कुणी अरबी बघत नव्हतं, म्हणून त्याला कोळ्यावरून ग्रीक नाव, ॲरॅक्नॉइड, आणि मातेर त्याला मागाहून चिकटवलं.

राहिलं मातृचं. मातृ आणि मातेर बहिणी आहेत, कुणी कुणाची आई नाही, आणि असती तरी त्यानं फक्त लॅटिनमधे आईला मातेर का म्हणतात एवढंच कळलं असतं, पापुद्रा आई कसा झाला ते नाही.

आणि "सामान्य माणसाला याचा काय उपयोग, एपिड्युरल म्हणजे स्पायनल इंजेक्शन एवढं कळलं की झालं" असं जे लिहिलंत, तिथंच तर हा शब्द कामाला येतो. ड्युरा खाली पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवतीही असतो; एपिड्युरल म्हणजे तिथं ड्युराच्या बाहेरच्या जागेत दिलेलं औषध. स्पायनलमधे सुई ड्युरा भेदून आत जाते. दोन्ही एक नाहीत.