डास चावून गांधी उठल्या, म्हणून रक्त खराब नसतं

एक मेसेज फिरत फिरत वहिनीपर्यंत पोचला आणि माझ्या पुतण्याला रोज सकाळी कडुनिंबाचा रस सुरू झाला. डास चावला की त्या पोराच्या अंगावर रुपयाएवढ्या गांधी उठतात आणि मेसेज म्हणतो, हे अशुद्ध रक्ताचं लक्षण! पुढे आणखी तीन दावे: डास गोड रक्तालाच चावतात, 'ओ' गटाला जास्त त्रास होतो, आणि गांधील माशी चावली तर चुना लावून घरीच थांबावं, कारण जितके डंख तितकी ताकद वाढते.

रक्तशुद्धीचा इथे काहीही संबंध नाही. डासाची मादी रक्त पिताना कातडीत लाळ सोडते. त्या लाळेतली प्रथिनं शरीराला परकी वाटतात, हिस्टामाइन हे खाज-सूज आणणारं रसायन सुटतं, गांध उठते. लहान मुलांच्या शरीराला ही लाळ नवी असते, म्हणून त्यांना जास्त सूज येते. वर्षानुवर्षं डास चावलेल्या आजोबांना बहुधा काहीच होत नाही.

गोड रक्ताचं तर सोडूनच द्या. डास येतो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर, घामाच्या वासावर, अंगाच्या उबेवर. 'ओ' गटावर डास जास्त बसल्याचं काही प्रयोगांत दिसलंय, मान्य. पण जास्त बसणं वेगळं आणि जास्त सुजणं वेगळं.

खरा संताप शेवटच्या दाव्याचा आहे. डासाच्या लाळेची सवय होते, एवढाच त्यात अर्धा खरेपणा. गांधील माशी विष टोचते. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रफूल या समुद्री प्राण्याचं विष थोडं थोडं टोचलं, प्रतिकारशक्ती येईल म्हणून. काही आठवड्यांनी त्याहून कमी विष दिलं, तर कुत्री मेली. याच शोधासाठी रिशेंना १९१३चं नोबेल मिळालं. काही माणसांचं गांधील माशीच्या बाबतीत हेच होतं: पहिला डंख नुसता सुजतो, पुढचा जिवावर बेततो. ॲलर्जीचे डॉक्टर विषाचे मोजके डोस देऊन सवय लावतात खरे, पण ते देखरेखीखाली, काही वर्षं. पोळ्याखाली उभं राहून ते होत नाही.

वहिनी, पोराला बर्फ लाव, मच्छरदाणी बांध, रस बंद कर. आणि गांधील माशी चावल्यावर कुणाच्याही अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर चुना शोधत बसू नका. तेव्हा मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. लगेच १०८ला फोन करा.