रेपो उतरला, पण रिफंड कुठाय?

२०२५ च्या सुरुवातीला रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो) साडेसहा टक्के होता, डिसेंबरात तो सव्वापाचवर आला. प्रत्येक कपातीला पेपरात एकच मथळा: उद्योजकांना दिलासा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणून निर्यात करणाऱ्याला हा दिलासा किती रुपयांचा, ते एकदा मांडून बघू. एक कोटीचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं बँकेचं खेळतं कर्ज), बारा महिने जवळजवळ भरलेलं. सव्वा टक्का म्हणजे वर्षाला सव्वा लाख. वाईट नाही.

पण तो पोचतो का? १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं नवं फ्लोटिंग (बदलत्या दराचं) कर्ज बाहेरच्या दराशी जोडावं लागतं, तो बहुतेक ठिकाणी रेपोच असतो. तीन महिन्यांतून एकदा तरी रीसेट करावाच लागतो. नागरी सहकारी बँकांना ही सक्ती नाही. आणि आपल्या गावात मागवाल्यांची खाती कुठं आहेत, हे सांगायला नको. तिथं दर संचालक मंडळ ठरवतं. तेव्हा आधी मंजुरीपत्र काढा आणि दर कशाशी बांधलाय ते वाचा. जुन्या एमसीएलआरवर (बँकेनं स्वतःच्या खर्चावरून काढलेल्या दरावर) अडकलेलं खातं असेल तर बदलून मागा, बँक आपणहून फोन करणार नाही.

बँकेलाही रेपो कपात फुकट पडत नाही. कर्जाचा दर तिमाहीत खाली येतो, पण सव्वासात टक्क्यांनी घेतलेली एफडी मुदत संपेपर्यंत सव्वासातच व्याज घेते. मधल्या काळात मार्जिन आक्रसतं. सीआरआर (ठेवींचा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा) चारवरून तीन टक्के केला (सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५, चार हप्त्यांत) तो काही अंशी यासाठीच उपयोगी पडला: शंभर रुपयांच्या ठेवीमागे एक रुपया बिनव्याजी पडून होता, तो मोकळा झाला.

आता रिफंड, म्हणजे जीएसटीचा परतावा. वरच्याच टॉवेलवाल्याची सूत, जॉबवर्क धरून महिन्याची खरेदी ४० लाख. ५ टक्क्यांनी जीएसटी २ लाख. सगळा माल एलयूटीवर (कर न भरता निर्यातीच्या हमीपत्रावर) बाहेर जातो, म्हणजे हे दोन लाख दर महिन्याला सरकारकडे जमा होतात आणि परत मागावे लागतात. कायद्यानं ६० दिवसांत यायला हवेत. ते १५० दिवसांनी आले तर तीन महिन्यांचे मिळून कायमचे ६ लाख जास्तीचे अडकून राहिले. सीसी आधीच भरलेलं, मग सूतवाल्याला द्यायला हे सहा लाख बाजारातून दोन टक्के महिना दरानं उचलले तर वर्षाला १ लाख ४४ हजार. रेपोचा सव्वा लाख गेला, वर १९ हजार खिशातून. रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीची सगळी मेहनत एका टेबलावरच्या फायलीनं धुऊन काढली.

उशिरावर सरकार ६ टक्के व्याज देतं, तेही ६० दिवसांनंतरचं. आपण कर उशिरा भरला तर १८ टक्के. हा फरक लिहून ठेवावा असाच आहे.

प्रत्येक उशीर जीएसटी ऑफिसचाच असतो असं मात्र नाही. आरएफडी-०१ हा रिफंडचा अर्ज भरल्यावर १५ दिवसांत एकतर आरएफडी-०२ ची पोच येते, नाहीतर आरएफडी-०३ चा त्रुटी मेमो. मेमो आला की जुना अर्ज मेला, नवा भरायचा आणि ६० दिवस नव्यानं मोजायचे. व्याजाचं घड्याळही तिथूनच. आणि चुका त्याच त्या: ३बी या महिन्याच्या रिटर्नमध्ये निर्यातीची विक्री ३.१(ब) या तिच्या रकान्याऐवजी ३.१(अ) मध्ये टाकलेली. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधला शिपिंग बिल नंबर किंवा तारीख चुकलेली. इन्व्हॉइस सीआयएफचं (जहाजभाडं आणि विमा धरून) घेतलेलं, जेव्हा एफओबी (ते न धरता) आणि इन्व्हॉइस यांतली कमी रक्कम धरायची असते. नव्या मागांवरचा जीएसटी नेट आयटीसीत (खरेदीवर भरलेल्या, परत मागता येणाऱ्या करात) घातलेला, जो रिफंडच्या सूत्रात चालतच नाही. आणखी एक हमखास: सूत देणारा तिमाही रिटर्नवाला असतो, १३ तारखेपर्यंत आयएफएफ (मधल्या महिन्यांची बिलं टाकायची सोय) भरत नाही, म्हणून त्याची बिलं २बी मध्ये (आपल्या खरेदीच्या कराच्या पोर्टलवरच्या यादीत) तिमाही संपल्यावरच दिसतात. २बी मध्ये नाही तर रिफंडही नाही. सुताचा भाव ठरवताना हेही विचारून घ्यावं, किलोमागे रुपया कमी घेणारा असा महागात पडतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून निर्यातीच्या अर्जांत जोखीम कमी दिसली तर ९० टक्के रक्कम आधी देण्याची व्यवस्था संगणकावर आधारित झाली आहे. चांगलीच सुधारणा आहे. पण आधार प्रमाणीकरण केलेलं नसेल तर हा दरवाजा बंद, आणि मेमोतच अडकलेल्याला तिचा काय उपयोग?

बँकेनं यात लक्ष का घालावं, तर सीसीचं ड्रॉइंग पॉवर (डीपी, म्हणजे त्या महिन्यात किती उचलता येईल ती मर्यादा) स्टॉक आणि गिऱ्हाइकांकडून येणं यांवर निघतं, अडकलेला रिफंड त्यात सहसा धरत नाहीत. माल गेला, स्टॉक कमी, डीपी खाली, खात्यातली उचल डीपीच्या वर. ३० दिवसांवर गेलं की एसएमए-१ (धोक्याचा इशारा), ६० वर एसएमए-२, ९० दिवस सलग डीपीच्या वर राहिलं की एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज. व्यापारी बँकेला लघु उद्योगाच्या चांगल्या खात्यावर पाव टक्का तरतूद (संभाव्य तोट्यासाठी बाजूला काढलेली रक्कम), एक कोटीवर २५ हजार. एनपीए झाल्यावर तारण असूनही १५ टक्के, म्हणजे १५ लाख. कर खात्याचा उशीर असा बँकेच्या ताळेबंदात उतरतो, आणि पुढच्या वर्षी त्याच गावातल्या दुसऱ्या मागवाल्याचा स्प्रेड (रेपोवर लावायचा जास्तीचा दर) वाढवताना मॅनेजर याच आकड्याकडे बोट दाखवतो.

म्हणून माझं म्हणणं: महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटसोबत रिफंडचा एआरएन (अर्जाचा नंबर), तारीख आणि आरएफडी-०२ ची प्रत जोडत चला. मागितली नसली तरी. बँकेनं पोच मिळालेल्या, मेमो नसलेल्या रिफंडवर निदान निम्म्या रकमेची तात्पुरती मर्यादा द्यावी. आणि ऑफिसनं सगळ्या त्रुटी एकाच मेमोत सांगाव्यात, हप्त्याहप्त्यानं नव्हे. रिफंड मंजुरीचा आदेश आरएफडी-०६ हातात आला की रक्कम बघायच्या आधी तारखा मोजा. ६० च्या पुढं गेले असतील आणि व्याजाचा रकाना शून्य असेल, तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या.