काम करू द्या त्यांना

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. कॉलेजची मुलं दारोदार फिरत होती. "काही काम असेल तर सांगा, करून देतो. जे द्याल ते रुग्णांच्या मदतीला जाईल." समोरच्या गृहस्थांनी दार अर्धवट उघडून एक नोट पुढे केली. "हे घ्या, काम वगैरे राहू द्या." नोट मोठी होती. तरी मुलांचे चेहरे पडले.

अहो, ती मागायला नव्हती आली, काम करायला आली होती!

माझ्या आईकडे एकदा असाच एक मुलगा आला होता. आईने त्याला पंखे पुसायला लावले. झाल्यावर स्वतः पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "कडा राहिल्यात. पुन्हा पूस." त्याने मुकाट्याने पुसले. मगच आईने पाकीट उघडलं, वर पावतीही मागून घेतली. तो मुलगा जिना उतरताना काय ताठ चालत होता!

असं काम करून पैसे मिळवण्याला स्काउट-गाइडमध्ये खरी कमाई म्हणतात. कॅनडाच्या रायन रेलजॅकची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आफ्रिकेतल्या मुलांना पाणी मिळावं म्हणून १९९८ साली या सहा वर्षांच्या पोराने आईवडिलांकडे ७० डॉलर मागितले. त्यांनी काढून दिले नाहीत, घरातली कामं दिली. पैसे जमल्यावर कळलं की विहिरीला २००० लागतील. पठ्ठ्या म्हणाला, मग आणखी कामं करतो. १९९९ मध्ये युगांडातल्या एका शाळेजवळ विहीर झाली. पहिल्याच दिवशी कुणी ७० डॉलर हातावर ठेवून मोकळं झालं असतं तर?

वेळ नसतो, मान्य. अनोळखी मुलांना घरात घ्यायची भीती वाटते, तीही मान्य. त्यांच्या पालकांनाही वाटत असणार. ब्रिटनमधल्या स्काउटांचा १९४९ पासूनचा 'बॉब अ जॉब' आठवडा, म्हणजे घरोघरी छोटी कामं करून पैसे जमवायचा आठवडा, १९९०च्या दशकात बंद झाला, त्यात हीच काळजी होती. पण २०१२ साली तो परत सुरू केलाच ना, गटाने सार्वजनिक कामं करायची अशा रूपात! मार्ग निघतो. अंगण झाडून घ्या, गाडी धुऊन घ्या, जिना पुसून घ्या. घरात घ्यायलाच हवं असं कुठंय?

आणि "पोरांना राबवून घेता" म्हणणाऱ्यांना काय सांगू? आईने "पुन्हा पूस" म्हटलं तेव्हा तिने त्या मुलाला मोठ्या माणसाच्या मापाने मोजलं होतं. नोट देऊन वाटेला लावणाऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं तरी का?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरलाय. त्या गृहस्थांच्या मनात वाईट नसेलही. पण पुढच्या खेपेला कृपा करून काहीतरी काम काढा, आणि ते नीट झालंय की नाही तेही बघा.

त्या गटातलं कुणी हे वाचत असेल तर रविवारी सकाळी या. आमचा माळा आवरायचाय. दोघं-तिघं या, शिडी एकाने धरावी लागते. पावतीपुस्तक आणा.