आरतीचं थेट प्रक्षेपण

परवा गणपतीच्या पहिल्याच आरतीला मी आमच्या गिरगावातल्या चाळीत ‘फोनसुद्धा लावता न येणारा मुलगा’ म्हणून जाहीर झालो. दादा नोकरीला दुबईत. त्याला घरची आरती दिसावी म्हणून आईने निरांजन पेटवून हातात धरलेलं, मागे दोन खोल्यांत मावणार नाहीत एवढी माणसं, आणि माझ्या हातात फोन.

आता, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही. मेसेज जातो, मोदकांचा फोटो जातो, रेकॉर्ड करून पाठवलेला आवाजसुद्धा जातो. थेट बोलायचं म्हटलं की घोडं अडतं, कारण इंटरनेटवरून कॉल करायला तिथे परवानगी मिळालेली मोजकीच ॲप आहेत आणि हे त्यात नाही. बरं, साफ बंद तरी असावं! रिंग जाते, दादा उचलतो, आणि पडद्यावर ‘कनेक्टिंग’ फिरत बसतं. बघणाऱ्याला वाटणार, ह्यालाच काही येत नाही.

बघणारे होते तिसऱ्या मजल्यावरचे काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त.

“नेट संपलं असेल तुझं.”

“नाही काका, दुबईत हे बंद आहे.”

काकांनी टाळ खाली ठेवले. ते टाळ ठेवतात तेव्हा आरती थांबते. ताल आपल्यालाच कळतो अशी त्यांची खात्री आहे आणि वाद घालायची कुणाची छाती नाही. “दुबईत बंद? अरे, ८२८ मीटरचा टॉवर बांधलाय त्यांनी. आणि रेंज नाही?”

“रेंज आहे काका. परवानगी नाही.”

“परवानगी कुणाची? त्याच्या बायकोची?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी माझ्या हातून फोन घेतला, बंद केला, चालू केला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन गणपतीसमोर असा धरला, की आता साक्षात देवच लाइन जोडून देणार. तेवढ्या वेळात त्यांनी ट्रंक कॉलचा इतिहास सांगून घेतला. पूर्वी लाइटनिंग कॉलला, म्हणजे सगळ्यात तातडीच्या ट्रंक कॉलला, साध्याच्या आठपट पैसे पडायचे, पण माणूस बोलायचा! आई म्हणाली, “भावजी, निरांजनातलं तूप संपतंय.” भावजी तेव्हा १९७० च्या आसपास होते.

मग उपाय सुरू झाले. “स्काइप लाव.” स्काइप तिथे आधीच अडवलं होतं आणि मे २०२५ पासून ते जगभरच बंद आहे. “मग व्हीपीएन. माझा नातू लावतो.” काका, व्हीपीएन म्हणजे आपण कुठून नेट वापरतोय ते लपवायची सोय, आणि तिकडच्या कायद्यात तिच्या आडून गुन्हा केला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. आणि आपल्या तबकात जमतात ती सुट्टी नाणी. “मग साधा फोन लाव!” साध्या फोनवर आरती दिसत नाही, आणि माझ्या प्रीपेडवर आयएसडी नाही. बॉटिम नावाचं ॲप तिथे चालतं, पण ते उतरवायला गेलो तर माझ्या फोनमध्ये जागा नव्हती. जागा कशाने भरली? चाळीच्या ग्रुपवर काका रोज पाठवतात त्या सुप्रभातांनी. हे मी बोललो नाही.

काकांनी शेवटी आवाज खाली आणला, म्हणजे दुसऱ्या मजल्याऐवजी पहिल्यापर्यंतच जाईल इतका. “खरं सांग. पुनर्विकासाच्या जागेवरून तुमच्या दोघांत काही झालंय का?”

टाळ नाही, घंटा नाही. सगळी चाळ उत्तराची वाट बघत उभी. आईसुद्धा!

राग शेखांवर काढावा तर तेही जमत नाही. सौदीने २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, शेजाऱ्यांना तेवढंही सुचू नये, असं मी तावातावाने म्हणालो. त्यावर काका म्हणाले, “देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.” आणि मला आपलंच आठवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचं इंटरनेट तोडलं, तिथे फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. तेव्हा मी इथे बसून निवांत क्रिकेट बघत होतो. २०२१ मध्येच राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून कित्येक जिल्ह्यांचं मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. चार कॉपीबहाद्दरांसाठी जिल्हेच्या जिल्हे मुके. आणि दुबईला नावं ठेवायला आम्ही पुढे.

आरती अखेर रेकॉर्ड करून पाठवली. त्यात दादाला गणपती कमी आणि काकांची कोपरं जास्त दिसली.

प्रसाद घेऊन काका वर गेले आणि चाळीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला: ‘तळमजल्यावरील कुटुंबात दुबईचा विषय नाजूक असल्याने आरतीस विलंब झाला. कृपया त्यांना विचारू नये.’ मी तिथल्या तिथे सविस्तर खुलासा लिहायला घेतला. खाली ओळ आली: फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात.

ॲडमिन काका.